ज्वालामुखीच्या अंगणात

जपान हा बेटांचा देश आहे. त्याच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत दक्षिणेकडील बेटाचे नाव क्यूशू. या बेटाच्या मध्यभागी, कुमामोतो प्रांतात, आसो नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे हिरवीगार भातशेते आहेत, टुमदार गावे आहेत, शाळा आहेत, बाजार आहेत आणि गावांना जोडणारी आगगाडीही आहे. मात्र या सर्वांच्या मधोमध एक जागृत ज्वालामुखी धुमसत असतो!

आपल्या सह्याद्रीचे काळे कातळही एके काळी तप्त लाव्हारसाच्या रूपाने भूगर्भातून वर आले होते. पण तो अग्नी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच विझला. आसोचा अग्नी मात्र अजून जागा आहे. असे असूनही तेथे सुमारे पन्नास हजार माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. हे त्यांना कसे साधते? आसोची स्थळे पाहता पाहता या प्रश्नाचे उत्तर मिळते.

आसोला जाणारे प्रवासी बहुधा प्रथम दाइकान्बो या उंच कड्यावर जातात. समुद्रसपाटीपासून 936 मीटर उंचीच्या या कड्यावर उभे राहिले, की डोळ्यांचे पारणे फिटते. पायांखाली एक विस्तीर्ण सपाट खोरे पसरलेले असते. त्याच्या चारही बाजूंना तटबंदीसारखी डोंगरांची रांग असते. ही तटबंदी म्हणजे एका प्रचंड खळग्याचा काठ होय. हा खळगा उत्तर-दक्षिण सुमारे 25 किलोमीटर लांब आणि पूर्व-पश्चिम सुमारे 18 किलोमीटर रुंद आहे.

एवढा मोठा खळगा कसा निर्माण झाला असेल? सुमारे 2,70,000 वर्षांपूर्वीपासून 90,000 वर्षांपूर्वीपर्यंत येथे चार महाभयंकर स्फोट झाले. त्यांपैकी शेवटचा सर्वांत मोठा होता. त्याची राख जपानच्या उत्तर टोकाच्या होक्काइदो बेटापर्यंत जाऊन पडली. भूगर्भातील तप्त शिलारस मोठ्या प्रमाणात बाहेर पडल्यामुळे आत पोकळी झाली आणि वरची जमीन आधार सुटून खाली खचली. अशा खळग्यास शास्त्रज्ञ ‘कॅल्डेरा’ म्हणतात. हा शब्द स्पॅनिश भाषेतील असून त्याचा अर्थ मोठी कढई असा आहे. गुऱ्हाळावरची काहील ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे नाव किती समर्पक आहे, ते सहज कळेल.

या काहिलीच्या मध्यभागी पाच शिखरे उभी आहेत. त्यांपैकी ताकादाके हे 1,592 मीटर उंचीचे शिखर सर्वांत उंच आहे. दाइकान्बोवरून पाहिले असता ही पाच शिखरे उताण्या निजलेल्या बुद्धासारखी दिसतात. म्हणून जपानी लोक त्या दृश्याला ‘नेहान’ची मूर्ती म्हणतात. ‘नेहान’ म्हणजे आपलाच ‘निर्वाण’ हा शब्द. बौद्ध धर्माबरोबर तो भारतातून चीनमार्गे जपानला पोहोचला. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. तेथे कारागिरांनी दगडात कोरलेला प्रसंग आसोच्या लोकांना डोंगरांच्या रेषांत दिसला.

पाच शिखरांपैकी नाकादाके हे शिखर जागृत आहे. त्याचे मुख सुमारे 130 मीटर खोल आहे. डोंगर शांत असतो, तेव्हा मुखाच्या तळाशी हिरवट-निळ्या रंगाचे कढत पाणी साचलेले दिसते व त्यातून पांढऱ्या वाफेचे लोट उठत असतात. हे दृश्य पाहण्यासाठी दूरदूरचे लोक काठापर्यंत येतात. परंतु हे सौंदर्य फसवे आहे. 1958 साली झालेल्या आकस्मिक स्फोटात 12 जणांना प्राण गमवावे लागले. 1979 साली आणखी तीन प्रवासी दगावले. वाफेबरोबर येणारा गंधकाचा विषारी वायूही घातक असतो. म्हणून दम्याच्या रुग्णांना काठाजवळ जाऊ देत नाहीत.

या दुःखद घटनांपासून लोकांनी धडा घेतला. मुखाजवळ जाड काँक्रीटचे निवारे बांधले आहेत. अचानक दगड उडू लागले, तर प्रवाशांना त्यांत आसरा घेता येतो. डोंगराचे प्रत्येक कंपन यंत्रे रात्रंदिवस टिपत असतात. जपानचे हवामान खाते धोक्याच्या पाच पायऱ्या ठरवून त्याप्रमाणे इशारा देते. इशारा मिळताच वाटा बंद होतात. मग कितीही दुरून आलेला पाहुणा असो, त्याला परत फिरावे लागते. 20 ऑक्टोबर 2021 रोजी नाकादाकेचा मोठा स्फोट झाला आणि राखेचा स्तंभ हजारो मीटर उंच गेला. त्याच्या काही दिवस आधीच धोक्याची पायरी वाढवून मुखाजवळचा परिसर बंद केलेला होता. या स्फोटात एकाही माणसाचा बळी गेला नाही.

नाकादाकेपासून जवळच कुसासेन्री नावाचे रमणीय कुरण आहे. हेही एक जुने ज्वालामुखीचे मुखच आहे. आता तेथे मऊ गवत वाढले आहे, पावसाच्या पाण्याची तळी आहेत आणि घोडे निवांत चरत असतात. जवळच कोमेझुका ही वाटोळी, हिरवी टेकडी आहे. ‘कोमेझुका’ म्हणजे तांदळाची रास. तिच्या माथ्यावर एक खोलगट खूण आहे. देवाने राशीतून ओंजळभर तांदूळ उचलून गोरगरिबांना दिले, त्याचीच ही खूण, अशी गोड कथा तेथे सांगतात.

आसोच्या डोंगरउतारांवर मैलोन्‌मैल पसरलेली कुरणे पाहून ती निसर्गाने आपोआप निर्माण केली असतील, असे वाटते. पण तसे नाही. भरपूर पावसाच्या त्या प्रदेशात जमीन तशीच सोडली, तर काही वर्षांतच तेथे झाडोरा माजेल. म्हणून गावकरी हजार वर्षांहून अधिक काळ एक प्रथा पाळत आले आहेत. हिवाळा सरताना, फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, ते वाळलेले गवत पेटवून देतात. या प्रथेला ‘नोयाकी’ म्हणतात. वणवा रानात पसरू नये, म्हणून आधीच कडेचे गवत कापून मोकळे पट्टे तयार ठेवतात. आग पुढे सरकू लागली, की माणसे पाण्याच्या पिशव्या पाठीवर घेऊन तिच्यावर पहारा करतात. डोंगर काळाठिक्कर पडतो. पण थोड्याच आठवड्यांत कोवळे हिरवे कोंब फुटतात. तांबूस रंगाची गुरे त्यावर चरतात आणि शेतांना त्याच गवताचे खत मिळते.

आज मात्र ही प्रथा टिकवणे अवघड झाले आहे. गावातील तरुण शहराकडे गेले व मागे राहिलेले शेतकरी वृद्ध झाले. शंभर वर्षांपूर्वीच्या तुलनेत आता निम्मीही कुरणे उरलेली नाहीत. म्हणून शहरांतील स्वयंसेवक नोयाकीचे शिक्षण घेऊन गावकऱ्यांच्या मदतीला येऊ लागले आहेत. शहरवासीयांचाही त्यात लाभ आहेच. आसोच्या परिसरात पडणारा पाऊस गवताळ जमिनीत व सच्छिद्र खडकांत मुरतो आणि झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येतो. शिराकावा झऱ्यातून तर दर मिनिटाला सुमारे साठ हजार लिटर निर्मळ पाणी वाहते. साठ हजार लिटर, तेही एका मिनिटात! कुमामोतो शहरातील लाखो लोकांची तहान भागवणारे भूजलही मुख्यतः आसोच्या ज्वालामुखी खडकांतूनच झिरपत येते.

एप्रिल 2016 मध्ये या मुलखावर भूकंपाचे संकट कोसळले. दरड कोसळून आसोचा मोठा पूल नाहीसा झाला, आगगाडीचे मार्ग तुटले आणि प्राचीन आसो मंदिराचे भव्य दुमजली प्रवेशद्वार जमीनदोस्त झाले. परंतु लोक खचले नाहीत. 2021 साली नवा पूल खुला झाला. 2023 च्या जुलैमध्ये मिनामी-आसोची आगगाडी पुन्हा पूर्ण मार्गाने धावू लागली. मंदिराच्या कारागिरांनी ढिगाऱ्यातील एकेक लाकूड निवडून काढले, शक्य तेवढे जुनेच लाकूड पुन्हा बसवले आणि त्याच वर्षअखेरीस प्रवेशद्वार पूर्वीच्या दिमाखाने उभे राहिले.

ज्या अग्नीने तेथे विध्वंस केला, त्यानेच सुपीक जमीन, उष्ण पाण्याची कुंडे आणि अमृतासारखे झरेही दिले. आसोच्या रहिवाशांना या दोन्ही गोष्टींची जाणीव आहे. डोंगराचे देणे ते कृतज्ञतेने घेतात, वर्षानुवर्षे कष्ट करून ते राखतात, आणि डोंगराने इशारा दिला, की नम्रपणे मागे सरतात. ज्वालामुखीच्या अंगणात ते सुखाने नांदू शकले, ते यामुळेच.