चौघांचा डाव, दोघांच्या घरी

मुलं शिकायला बाहेर पडली की घरात दोघंच उरतात आणि कपाटातले खेळ मात्र चौघांसाठीचे असतात. मग तिसऱ्या-चौथ्याची जागा भरायची कशी?

आम्ही नोएडात राहतो. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीच्या हवेचा निर्देशांक ४९४ वर पोहोचला. शाळा बंद, खिडक्या बंद आणि माझं संध्याकाळचं फिरणंही बंद. मुलगा त्याच वर्षी पुण्याला शिकायला गेलेला. साडेआठला जेवणं आटोपायची, मग सोफ्याच्या एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला मी आणि दोघांच्या हातात आपापला मोबाइल. भांडण नव्हतं, पण बोलण्यासारखंही काही नव्हतं. मुलाची परीक्षा, मुलाचा डबा, मुलाचा क्लास... इतकी वर्षं आमचा संवाद या तीन विषयांवर चालला होता, हे तो गेल्यावर कळलं.

अशात एकदा कपाट आवरताना मुलाचा 'कॅटान'चा डबा हाती लागला. जर्मनीच्या क्लाउस टॉयबर यांचा हा १९९५ चा खेळ. षटकोनी तुकडे जोडून बेट मांडायचं, फासे पडतील तसं लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज मिळवायचं आणि त्यातून रस्ते नि वस्त्या उभारायच्या. ज्याच्याकडे जे नाही, ते त्याने दुसऱ्याशी अदलाबदल करून घ्यायचं.

''अहो, खेळायचं का?'' मी विचारलं.

''अगं, डब्यावर तीन ते चार खेळाडू लिहिलंय. तिसरा कुठून आणायचा?''

तरी मांडला. अर्ध्या तासात कंटाळलो. बेट इतकं मोकळं की कुणी कुणाच्या वाटेत येईना. अदलाबदल तर होईचना, कारण दोघांतच स्पर्धा असली की तुमचा फायदा म्हणजे माझं नुकसान. मी मागितलेली वीट हे कशाला देतील? तिघं असले की दोघांचं जमतं, तिसरा चरफडतो आणि खेळाला रंग चढतो. तो चरफडणाराच आमच्या घरातून पुण्याला गेला होता.

गैरहजर खेळाडूंचे हात

पुढे मुलानेच फोनवर सांगितलं की यावर निर्मात्यांनी तोडगा काढलेला आहे. २००७ मध्ये आलेल्या 'ट्रेडर्स अँड बार्बेरियन्स' या पुरवणीत दोघांसाठी वेगळे नियम आहेत. पटावर दोन गैरहजर खेळाडूंच्या वस्त्या आधीच मांडायच्या. आपण एक रस्ता बांधला की त्यांच्यापैकी एकासाठीही बांधायचा. साहजिकच आपण तो नवऱ्याच्या वाटेत नेऊन ठेवतो! प्रत्येक पाळीला फासे दोनदा टाकायचे, म्हणजे माल पुरेसा येतो. आणि राजीखुशीची अदलाबदल होत नाही म्हणून सक्तीची ठेवली आहे. ठराविक चकत्या मोजून समोरच्याच्या हातातली दोन पानं न बघता ओढायची आणि आपल्याला नको असलेली दोन त्याच्या गळ्यात मारायची. जो पुढे आहे त्याला यासाठी दोन चकत्या पडतात, मागे असलेल्याला एकच. माणसं कमी झाली की नुसत्या खुर्च्या काढून भागत नाही, गेलेल्या माणसाचं काम कुणावर तरी सोपवावं लागतं.

हे ऐकताना मला आजीची आठवण झाली. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही तिघी असलो की पाच-तीन-दोन खेळायचो. एक जण झोपली की त्याच तीस पानांवर सात-आठ सुरू. पण तीस पानं दोघींत सरळ वाटली तर समोरचीचा हात ओळखायला कितीसा वेळ लागणार? आपल्याजवळ नाही ते तिच्याजवळ! म्हणून आमच्याकडे पाच पानं हातात, पाच जमिनीवर पालथी आणि त्यांच्यावर पाच उघडी असत. वरचं पान खेळलं की खालचं उलटायचं. कुणाचं नशीब कुठे दडलंय, ते दोघींनाही ठाऊक नसे. हुकूम करणारीने आठ हात करायचे, दुसरीने सात.

वीस पानांचा मनोरा

आता गंमत पाहा. 'सेव्हन वंडर्स' हा आंत्वान बोझा यांचा २०१० चा खेळ तीन ते सात जणांसाठी. हातातलं एक पान ठेवून उरलेली शेजाऱ्याला द्यायची, अशी त्याची रीत. त्यात दोघांसाठीही नियम होते, पण तिसरं रिकामं नगर दोघांनी आळीपाळीने सांभाळायचं, असे ओढूनताणून केलेले. मग २०१५ मध्ये बोझा आणि ब्रूनो कॅथाला यांनी खास दोघांसाठी 'सेव्हन वंडर्स ड्युएल' काढला. त्यांनी काय केलं? प्रत्येक युगाची वीस पानं टेबलावर एकावर एक रचली, एक ओळ उघडी, एक पालथी. वरची पानं गेली की खालचं पान खुलं होतं. शिवाय प्रत्येक युगातली तीन पानं न बघताच बाजूला ठेवायची, म्हणजे हवं ते पान डावात आहे की नाही, याचीही खात्री नाही. आजीने हा खेळ पाहिला असता तर ''यात नवीन काय?'' असंच म्हणाली असती.

नवीन आहे ते लढाईचं. मूळ खेळात डाव्या-उजव्या शेजाऱ्याशी सैन्यबळ ताडून पाहायचं असतं. दोघांत शेजारी एकच, म्हणून एक सोंगटी मध्यावर ठेवून रस्सीखेच केली आहे. ती समोरच्याच्या राजधानीपर्यंत ढकलली की डाव तिथेच संपला. वेगवेगळी सहा शास्त्रचिन्हं जमवली तरी संपला. त्यामुळे मोबाइलकडे बघत खेळताच येत नाही. हेच मला सर्वांत आवडलं.

असे मोठ्यांचे धाकटे अवतार बरेच आहेत. शेतीचा 'ॲग्रिकोला' २००७ चा, त्याचा दोघांचा, फक्त गुराढोरांचा खेळ २०१२ चा. 'स्प्लेंडर' २०१४ चा, त्याचा दोघांचा अवतार २०२२ चा. नवशिक्यांनी 'स्प्लेंडर'पासून सुरुवात करावी. 'ॲग्रिकोला'ला धीर लागतो.

आपल्याकडेही होतंच

अकबराच्या दरबारात चौपट, म्हणजे आपला सारीपाट, चौघं खेळत, दोघं विरुद्ध दोघं, असं 'ऐन-ए-अकबरी'त लिहिलं आहे. सोळा जणांनी मिळून खेळायचा चौसष्ट सोंगट्यांचा 'चंडाल मंडल'ही त्यात आहे. सोळा माणसं गोळा करणं बादशहालाच परवडणार! घरोघरी मात्र दोघंच असली की एकाने पिवळा-काळा रंग घ्यायचा, दुसऱ्याने लाल-हिरवा. सोंगट्या तेवढ्याच, पट तोच. चौघांत जोडीदाराच्या मनातलं ओळखावं लागतं, दोघांत ते कोडं सुटतं. पण आठ सोंगट्यांचा हिशेब एकट्याच्या डोक्यावर येतो.

चौघांचं, फाशांचं बुद्धिबळही अल्-बिरुनीने अकराव्या शतकात नोंदलं आहे. प्रत्येकाकडे राजा, हत्ती, घोडा, नौका आणि चार प्यादी, म्हणजे चौघांची मिळून बत्तीस. आजच्या पटावरही बत्तीसच! आधी चौघांचं होतं की दोघांचं, यावर विद्वानांत वाद आहे. त्या खेळात मित्राच्या सिंहासनावर आपला राजा पोहोचला की दोन्ही सैन्यं आपल्या हाती येत.

आणि नवरा-बायकोचा सारीपाट तर देवादिकांपासून चालत आलेला. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात शिवपार्वती फासे खेळताना कोरलेली आहेत. जेजुरीचा खंडोबा म्हाळसेशी सारीपाट हरला आणि पैजेपायी बारा वर्षं घराबाहेर राहिला. बाणाई त्याला तिथेच भेटली. तेव्हा पैज लावताना जपून!

पैज नसली तरी जपावं लागतंच. चौघांत हरलं तर हार वाटली जाते, दोघांत ती सरळ एकाच्या पदरात पडते. सुरुवातीला मी ओळीने नऊ डाव हरले. दहाव्या वेळी हे मला चाल समजावू लागले तेव्हा मी पटच गुंडाळला. दोन दिवस अबोला. मग ठरवलं, चालू डावात शिकवायचं नाही, विचारलं तर डाव संपल्यावर सांगायचं. हरलेल्याने पुढच्या डावात पहिली चाल करायची. एकाला खेळ फारच चांगला येत असेल तर पूर्वीचे लोक बुद्धिबळात वजीर काढून खेळत, तसं काहीतरी आधीच सोडून द्यावं. आणि रात्री दोनच डाव.

आमची वही आहे. डिसेंबरपासून होळीपर्यंत एकसष्ट डाव झाले, त्यात ह्यांचे चौतीस आणि माझे सत्तावीस. डाव मांडता मांडता ह्यांच्या ऑफिसातली माणसं मला नावानिशी माहीत झाली.

होळीला मुलगा आला. आल्या आल्या म्हणाला, ''तिघं आहोत, चला, मोठा कॅटान काढा.'' काढला. मी ह्यांच्याकडे एक लोकर मागितली, बदल्यात दोन विटा द्यायला तयार होते. हे माझ्याकडे बघून हसले आणि लोकर मुलाला देऊन टाकली!