नोकरी सोडली म्हणून पैसे मागितले तर?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या मुली-सुना आता मॉलमध्ये, कॉल सेंटरमध्ये, खासगी दवाखान्यांत कामाला जातात. त्यामुळे बैठकीत हप्त्यांच्या हिशेबानंतर हल्ली एक नवीनच विषय निघतो. नोकरी लागली, पंधरा-वीस दिवसांत जमेना, मुलीने सोडली आणि मागोमाग फोन आला, "नोटीस दिली नाही, महिन्याचा पगार भरा, नाहीतर पोलिसात तक्रार करू."

अशीच एक मुलगी आईबरोबर आमच्याकडे आली. पगार १२,००० रुपये, काम केलं १८ दिवस, मागणी १२,००० रुपयांची. शिवाय १८ दिवसांचे ७,२०० रुपयेही अडवलेले. आई गटातून कर्ज काढून पैसे भरायला निघाली होती. आम्ही म्हटलं, आधी नेमणूक पत्र बघू.

पत्रात एक महिन्याची नोटीस होती खरी, पण ती नोकरी कायम झाल्यावरची. प्रोबेशनच्या काळात फक्त सात दिवस. म्हणजे मालकाचं म्हणणं पूर्ण मान्य केलं तरी २,८०० रुपये होतात, आणि मुलीचंच ४,४०० रुपये येणं निघतं! आम्ही हा हिशेब लिहून ईमेल करायला लावला. फोन थांबले. पगार अजून यायचा आहे, पाठपुरावा चालू आहे.

पोलिसांची भीती तर मनातून काढाच. नोटीस न देता नोकरी सोडणं हा गुन्हा नाही, दिवाणी वाद आहे. मालकाला भरपाई हवी असेल तर त्याने न्यायालयात जावं. तिथेही १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा. भरपाई मिळते ती वाजवी तेवढीच. न्यायालय तुम्हाला परत त्याच कामावर जायलाही लावू शकत नाही.

पण म्हणून सही केलेला कागद फुकटचा समजू नका. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. ती सरकारी बँक, भरतीला मोठा खर्च झालेला. दुकानातल्या नोकरीला तोच न्याय लागेल असं नाही, तरी बाँड वाचल्याशिवाय सही नको.

केलेल्या कामाचा पगार हा वेगळा हक्क आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार द्यावा लागतो. पगारातून कशासाठी कापता येतं याची यादी कायद्यातच आहे, आणि एकूण कपात निम्म्यापेक्षा जास्त करता येत नाही. पगार अडवला तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा.

वकिलाच्या फीची काळजी वाटते ना? उत्पन्न कितीही असो, बायकांना मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं. जाताना नेमणूक पत्र, हजेरीचा पुरावा, बँकेचं पासबुक आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप बरोबर न्या. ते निरोप रागाच्या भरात पुसू नका. आणि नोकरीला लागताना कुणी मूळ मार्कशीट किंवा सही केलेला कोरा चेक मागितला, तर झेरॉक्स द्या. चेक मात्र देऊच नका.