रेकॉर्ड घ्यावी पारखून

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या काटेवाडीसारख्या गावांत एके काळी लग्नघरी आधी भोंगा चढायचा, मग मांडव. लाउडस्पीकरवाल्याच्या लाकडी पेटीतल्या रेकॉर्डी लग्नसराईत या गावाहून त्या गावाला फिरायच्या. मग जत्रा, मग गणपती. ऊन, धूळ, हळदीचे हात, सगळं त्यांच्या अंगावरून जायचं. अशीच एखादी रेकॉर्ड आज पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फडक्यावर मांडलेली सापडते. कव्हर शाबूत, लेबल तजेलदार. विकणारा म्हणतो, “एकदम चालू आहे, साहेब.”

चालू असेलच. प्रश्न आहे ती किती चाललीय याचा.

आधी माल कुठला ते बघावं. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची. लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असे आणि ती मुद्दाम घातलेली असे. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत या पुडीवर घासून चराच्या मापाची व्हायची. म्हणून दर बाजूला नवी पिन लावायची असा दंडक होता. पण पिनांची डबी तालुक्याहून आणायची, तेव्हा एकाच पिनेवर दहा-दहा गाणी निघत. पिन धरणाऱ्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्या घरात आणि खाली बोथट पोलाद. चराचं काय होणार? आजच्या चांगल्या प्लेअरची सुई दीड-दोन ग्रॅम भाराने चालते.

ही झीज डोळ्यांना दिसते. लाखेची रेकॉर्ड खिडकीच्या उजेडात तिरपी धरा. न झिजलेले चर काळेभोर चमकतात, झिजलेले राखाडी दिसतात. गंमत म्हणजे राखाडी पट्टा सगळीकडे सारखा नसतो. गायक जिथे वर चढलाय, आवाज मोकळा सोडलाय, तिथे चर जास्त नागमोडी आणि झीजही तिथेच आधी. बालगंधर्वांच्या रेकॉर्डी अनेक घरांतून अशा मिळतात: सुरुवात स्वच्छ आणि नेमकी तान खरखरीत. जे पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटलं, तेच आधी गेलं.

लाखेला तडाही जातो आणि केसाएवढा तडा उजेडात हटकून निसटतो. तिथे कान लावायचा. रेकॉर्ड मधल्या भोकात बोट घालून लटकती धरायची आणि कडेला बोटाच्या पेरानं हलकी टिचकी मारायची. माठ घेताना आपण हेच करतो. अखंड रेकॉर्ड खणकन बोलते, तडकलेली भद्द वाजते.

व्हिनाइलच्या एलपीची गोष्ट वेगळी. ती तडकत नाही, पण ओरखडते आणि उन्हानं वाकते. ओरखड्यांत फरक असतो. कव्हरातून काढता-घालताना उठलेल्या बारीक रेषा दिसायला भयंकर, ऐकायला निरुपद्रवी. ज्या रेषेवरून नख हळूच फिरवताना अडकतं, ती मात्र वाजणार. चरांना आडवा जाणारा ओरखडा प्रत्येक फेऱ्यात एकदा टिकटिकतो. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे दर १.८ सेकंदाला एक टिक. ठेका इतका नेमका असेल तर तो ओरखडाच समजावा. टिकटिक वेळीअवेळी होत असेल तर बहुधा धूळ, आणि धूळ धुता येते. चरांच्या दिशेनं जाणारा ओरखडा सगळ्यात वाईट, कारण सुई तिथे अडकते किंवा उडी मारते.

झीज मात्र एलपीवर डोळ्यांना चटकन दिसत नाही. मग दोन ठिकाणी बघायचं. एक, लेबलावर मधल्या भोकाभोवती. रेकॉर्ड लावताना प्लेअरचा मधला खिळा चाचपडत फिरला की कागदावर पुसट रेघ उठते. रेघांचं जाळं असेल तर ती रेकॉर्ड घरातली लाडकी होती. दोन, बाजूचं शेवटचं गाणं. कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर चर सरकतो, लेबलाजवळ जेमतेम वीस. तेवढ्याच आवाजाला तिथे जागा कमी, म्हणून बिघाड आधी तिथे ऐकू येतो. विकणारा पहिलं गाणं लावून दाखवतो. आपण शेवटचं लावायला सांगावं. तो कुरकुरला, तर उत्तर मिळालं.

परदेशातल्या बाजारात यासाठी श्रेण्या आहेत. अमेरिकेतल्या ‘गोल्डमाइन’ मासिकाची पट्टी सर्वाधिक चालते: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर. नाव ‘गुड’, पण त्या रेकॉर्डीत खरखर भरपूर. गिऱ्हाईक पहिल्यांदा तिथेच फसतं. आता आपले विक्रेतेही ‘व्हीजी प्लस’ म्हणू लागलेत. त्यातले बरेच नुसत्या डोळ्यांनी श्रेणी देतात. न वाजवता दिलेल्या श्रेणीला मी एक पायरी खालीच धरतो.

न वाजलेली प्रत मिळणं हे नशीब. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवायच्या सुवर्ण तबकडीसाठी केसरबाई केरकरांची भैरवी निवडली गेली. रेकॉर्ड मिळता मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तीन प्रती निघाल्या, तिन्ही न उघडलेल्या. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या बाईंचा आवाज ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला, तो असा.

पण श्रेण्यांची ही पट्टी आपल्याकडे एका जागी तोकडी पडते. मुंबईत १९३५ ते १९५५ या काळात ‘यंग इंडिया’ या देशी लेबलच्या रेकॉर्डी निघाल्या. त्यांतलं फारच थोडं पुढे कॅसेट-सीडीवर आलं. अशी रेकॉर्ड ‘पुअर’ असली आणि तिची दुसरी प्रत कोणाकडेच नसली, तर पट्टी बाजूला ठेवावी आणि रेकॉर्ड उचलावी. १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’नं नेमकं हेच ओळखलं. संस्थेच्या पुढाकारानं आणि ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीनं यंग इंडियाच्या रेकॉर्डींचं डिजिटायझेशन झालं. संगीताच्या बाजारात श्रेणी मोलाची. संगीताच्या इतिहासात ध्वनी शिल्लक आहे की नाही, एवढंच.

तेव्हा माळ्यावर रेकॉर्डी असतील तर त्या किलोवर भंगारात घालू नका. थप्पी लावू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखाली तर ठेवूच नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये एलपीला बाक यायला एक दुपार पुरते. आणि लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं कधीही पुसू नका. स्पिरिटमध्ये लाख विरघळते.