केळीच्या गावातले पाहुणे शब्द

सावदा, तालुका रावेर, जिल्हा जळगाव. इथून केळी रेल्वेने उत्तर भारतात जातात. 'केळ' आले संस्कृत 'कदली'वरून. इंग्रजीतला 'बनाना' मात्र मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, स्पॅनिश-पोर्तुगिजांच्या हातून युरोपात गेलेला. इंग्रजांना तो घरचाच वाटतो. आपल्याला नाही का बटाटा!

• पोर्तुगीज : बटाटा, पाव, चावी, पगार. हापूसच्या नावात 'अफोन्सो'.
• फारसी : बाजार. दुकान, हिशेब, वजन, दलाल, हमाल हे मूळचे अरबी, बहुतेक फारसीमार्गे आलेले. म्हणजे केळीचा सौदा जवळजवळ फारसी-अरबी शब्दांतच.
• इंग्रजी : वॅगन, स्टेशन, ट्रक.

पाहुण्या शब्दाला कधी लोकव्युत्पत्ती चिकटते, म्हणजे उच्चाराच्या साम्यावरून बोलणाऱ्यांनीच लावलेले मूळ. 'हॅम्बर्गर'मध्ये इंग्रजी बोलणाऱ्यांना 'हॅम', म्हणजे डुकराचे मांस, ऐकू आले. नाव खरे हॅम्बुर्ग शहराचे. तरी 'बर्गर' सुटा झाला आणि 'चीजबर्गर' जन्मला.

सावदा ज्या खानदेशात, त्याच्या नावाचेही तसेच. कोणी कान्हदेश म्हणतात, कोणी खांडववन सांगतात. तिथल्या फारूकी राजांच्या 'खान' या पदवीवरून नाव पडले, हे मत इतिहासाच्या पुस्तकांत जास्त आढळते.

शोधायला हाताशी : कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६).