विश्लेषण : एकट्याने सायकलभ्रमंती… ८० किलोमीटरच्या एका दिवसाचे गणित काय?

श्रीवर्धन ते हर्णै. नकाशावर ८० किलोमीटरच्या आसपास, मोटारीने निवांत अर्ध्या दिवसाचा प्रवास. सामान लादलेल्या सायकलवर एकट्याने निघालेल्याला मात्र यासाठी पूर्ण दिवस लागतो. थंडीत मुंबईहून कोकण किनाऱ्याने गोव्याकडे सायकलवर जाणाऱ्यांच्या वाटेवर हा टप्पा हमखास येतो. तो वेळेत आणि सुखरूप पार पडणे फक्त पायांच्या ताकदीवर का अवलंबून नसते?

दिवस किती तासांचा?

जानेवारीत कोकणात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो. म्हणजे हातात ११ तास. त्यातून नाश्ता, जेवण, पाणी भरणे, दुपारची विश्रांती आणि बागमांडला-वेश्वी फेरीबोट वजा केली तर प्रत्यक्ष पायडल मारायला सहा-सात तास उरतात. सावित्रीच्या खाडीवरची ही बोट रायगडमधून थेट रत्नागिरी जिल्ह्यात नेते आणि मोठा वळसा वाचवते. मात्र एक फेरी हुकली की पुढचे सगळे वेळापत्रक सरकते. म्हणून बोटीच्या वेळा आदल्या रात्रीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवायच्या.

चढावर एवढी दमछाक का होते?

कोकणातला ‘किनारी’ रस्ता सपाट नाही. खाडी आली की उतार, खाडी संपली की चढ. चालकाचे वजन ७५ किलो, सायकल १५ आणि सामान १५ किलो धरले, तर आठ टक्के चढावर ताशी साडेसात किलोमीटरच्या वेगाला सुमारे १८० वॉट ताकद लागते. तेवढ्याच ताकदीत सपाट रस्त्यावर ताशी २५ च्या पुढे जाता येते. सामान नसेल तर चढावरची मागणी दीडशे वॉटच्या आसपास येते. त्यामुळेच अनुभवी सायकलस्वार जास्तीचा टी-शर्टही घरी ठेवतात.

इथे गिअर कामाला येतो. पुढच्या आणि मागच्या चकतीला सारखेच दात असतील तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम दोन मीटर सरकते. वेग कमी, पण गुडघे वाचतात. उतरून सायकल ढकलण्यातही कमीपणा नाही.

काय खायचे, किती प्यायचे?

शरीरात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून साधारण दोन हजार किलोकॅलरी मिळतात. ती संपली की पाय अचानक गळतात, डोके चालेनासे होते. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर होतो. म्हणून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत. दोन केळी किंवा केळे आणि चिक्की, एवढे पुरते.

उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागू शकते. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम घसरण्याचा धोका असतो. त्यासाठी ओआरएस, लिंबू-सरबत किंवा मीठ घातलेले ताक.

एकटे असण्याने नेमके काय बदलते?

गटात एकाचा पंप बिघडला तर दुसऱ्याचा असतो. एकट्याला दोन ट्यूब, पंक्चर किट, पंप आणि चेन जोडण्याची कडी स्वतःच वाहावी लागते. गावातल्या दुकानात गिअरच्या सायकलची ट्यूब मिळेलच असे नाही. सामानाचे वजन मागच्या चाकावर येते, त्यामुळे आरा तिथलाच तुटतो.

खरा फरक मात्र निर्णयात पडतो. ऊन लागलेल्या माणसाला आपण भरकटतोय हे स्वतःला कळत नाही, आणि थांबवायला शेजारी कुणी नसते. चक्कर, मळमळ, उन्हात अंगावर काटा यांपैकी काहीही जाणवले तर सावलीत थांबायचे. घरच्या एका व्यक्तीला मार्ग आणि पोहोचण्याची वेळ सांगून ठेवायची. घाटात रेंज जाते, त्यामुळे संपर्क कधी होणार हे आधीच ठरलेले हवे. आपत्कालीन क्रमांक ११२.

पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा केली, बहुतांश एकटीने. दिवसाची सरासरी १८० किलोमीटरच्या पुढे. त्या प्रवासात स्पेनमध्ये चाकूच्या धाकाने त्यांना लुटण्यातही आले. विक्रमाचे आकडे वाचताना त्यामागचा हा धोकाही ध्यानात घ्यायला हवा.

दुपारी तीनचा निर्णय कोणता?

दुपारी तीन वाजता तीन गोष्टी तपासायच्या : किती अंतर उरले, किती चढ उरले, उजेड किती. चढाच्या रस्त्यावर सरासरी ताशी १२ किलोमीटर धरली, तर ३० किलोमीटरना अडीच तास. वर एका पंक्चरचा अर्धा तास धरायचा. सहापर्यंत हिशेब बसला तर पुढे. नाही बसला तर केळशी किंवा आंजर्ल्यातच मुक्काम विचारायचा. अंधारात, अरुंद वळणांवर, मागून येणाऱ्या गाड्यांच्या भरवशावर शेवटचे दहा किलोमीटर कापण्यापेक्षा ते दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात होतात.

हर्णै बंदरावर संध्याकाळचा मासळीचा लिलाव एक दिवस उशिरा पाहिला, तरी सुवर्णदुर्ग समोर तिथेच असतो.