सरफोजींच्या कपाटातला लाव्हाझिए

1758 च्या ऑगस्टात फ्रेंच सेनापती लाली तंजावरच्या तटाखाली येऊन बसला होता. जुन्या रोख्याचे पैसे वसूल करायचे होते. तिथले मराठा राजे प्रतापसिंह यांनी बोलणी लांबवली. तेवढ्यात फ्रेंचांची दारू सरत आली, आणि कारैक्कालच्या समुद्रावर इंग्रजी आरमार असल्याची खबर आली. लाली वेढा उठवून चालता झाला.

दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. या तिघांत मिळायला अवघड सोरा, आणि चांगला सोरा बंगाल-बिहारचा. लालीचा वेढा ज्या सात वर्षांच्या युद्धातला, त्याच युद्धात तो मुलूख इंग्रजांकडे गेला आणि फ्रान्सला सोऱ्याची चणचण भासू लागली. 1775 मध्ये फ्रेंच सरकारने दारूचं खातं नव्याने उभारलं, तेव्हा त्याच्या कारभाऱ्यांत एक होता आंत्वान लाव्हाझिए. पॅरिसच्या शस्त्रागारात त्याला राहायला जागा मिळाली, तिथेच त्याने प्रयोगशाळा थाटली. पुढे 1789 मध्ये त्याने छापलेला ‘त्रेते एलेमांतेर द शिमी’ हा रसायनशास्त्राचा ग्रंथ आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहे. दारूअभावी फ्रेंच जिथून परतले, त्याच गावी दारूखात्यातल्या माणसाचं पुस्तक मानाने कपाटात बसलं. इतिहासाला असली थट्टा करायची सवयच आहे.

पुस्तक ठेवणारे राजे दुसरे सरफोजी. 1798 मध्ये गादीवर आले, आणि पुढच्याच वर्षी कंपनीशी तह होऊन राज्यकारभार हातातून गेला. उरला किल्ला, वर्षाला एक लाख वराहन (होन) आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. राज्य गेलेल्या राजाला वेळ घालवायचे मार्ग पुष्कळ असतात. या राजाने पुस्तकं गोळा केली. विल्यम टॉरिन नावाचा गृहस्थ त्यांच्यासाठी लंडनहून पुस्तकं आणि चित्रं खरेदी करून धाडत असे. 1805 मध्ये नागरी खिळ्यांचा छापखाना निघाला आणि दुसऱ्या वर्षी इसापाच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ नावाने मराठीत छापून झाल्या. पुण्या-मुंबईच्या ज्या छापील मराठीचा आपण अभिमान धरतो, तिचं एक पाळणाघर कावेरीकाठी होतं, हे आपल्याकडे फारसं आठवत नाही कुणी.

1826 च्या मार्चअखेरीस हेबर नावाचा इंग्रज बिशप तंजावरला आला. त्याने पत्रात लिहून ठेवलंय की हा हिंदू राजा फूर्क्रुवा, लाव्हाझिए, लिनेअस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो. चारांतले तीन फ्रेंच, त्यांतले दोन रसायनवाले! लाव्हाझिएचं डोकं गिलोटिनखाली जाऊन तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती. हेबरही तंजावरहून तिरुचिरापल्लीला गेला आणि आठवड्याभरात तिथेच वारला.

लाव्हाझिएच्या त्या ग्रंथाची प्रस्तावना मला फार गोड वाटते, कारण तिथे तो नावांवरून भांडतो. तोवरच्या युरोपी रसायनाची भाषा अर्धी स्वयंपाकघरातली होती: अँटिमनीचं लोणी, जस्ताची फुलं, शिशाची साखर, गंधकाचं काळीज. लाव्हाझिए म्हणतो, खनिजांत लोणी नसतं नि फुलंही नसतात, आणि ज्यांना ही गोंडस नावं दिलीत ती जालीम विषं आहेत. म्हणून 1787 मध्ये त्याने आणि फूर्क्रुवासह तीन सोबत्यांनी पदार्थांना त्यांच्या घडणीवरून नावं दिली. नाव वाचलं की आत काय आहे ते कळावं. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातले मोरचूद, नवसागर, हरताळ, मुरदाडशिंग आठवून पाहा. नावावरून काही पत्ता लागतो का? माहीतगार तेवढा ओळखतो. किमयेचा सगळा धंदा या माहीतगारीवर चालला होता.

फ्रान्समध्ये घरगुती गुपितांची पुस्तकं तेव्हा दोनशे वर्षं खपत होती. 1555 मध्ये व्हेनिसला ‘पिएमाँतच्या आलेक्सिस’च्या नावाने गुपितांचा संग्रह निघाला आणि लगोलग फ्रेंचमध्येही आला. साबण, अत्तर, मुरंबे, कापडाचे रंग, ज्वरावरची औषधं आणि धातूचे खेळ एकाच बासनात. गुपित छापल्यावर गुपित कसलं, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडत नसे.

तंजावरला हीच खिचडी होती, पण शिजली वेगळ्या पद्धतीने. तमिळ सिद्धांची परंपरा पाऱ्या-गंधकाची: भस्माला पर्पम, लाल कल्पाला चेंदूरम, आणि किमयेला रसवादम. मात्रा गुरूच्या तोंडून आणि सांकेतिक पद्यांतून. सरफोजींनी धन्वंतरी महाल उभारला, तिथे सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि इंग्रजी वैद्य एका छताखाली बसवले. योग करून पाहायचे, रोग्याला देऊन पाहायचे, गुण आला तर टिपायचं. डोळ्यांच्या रोग्यांची चित्रांसकट टिपणं आजही ग्रंथालयात आहेत. कसोटीला उतरलेले योग तमिळ पद्यांत बांधले गेले; ते ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ (शरभेंद्र म्हणजे सरफोजीच). पद्य जुनंच, पण आता ते झाकण्यासाठी नव्हतं, पाठ करण्यासाठी होतं.

या योगांतलं एक माप वराहनचं. होनाच्या नाण्यावरून नाव पडलेलं वजन, साधारण सव्वाचार ग्रॅम. राजाचा तनखा ज्या नाण्यात मोजला जाई, त्याच्याच नावाच्या वजनाने वैद्य औषध जोखत. तिकडे लाव्हाझिएने पारा बारा दिवस तापवून वर आलेली लाल राख गोळा केली, 45 ग्रेन राख पुन्हा तापवली, आणि साडेएक्केचाळीस ग्रेन पारा व सात-आठ घन इंच हवा परत मिळवली. हीच हवा त्याचा ऑक्सिजन. कुपीत पारा-गंधक घालून रससिंदूर करणाऱ्याला लाल रंगाचं नवल नव्हतं. पण उडून गेलेल्या हवेचा हिशोब त्याने ठेवला नव्हता.

स्वयंपाकाचंही लिहून झालं. पहिल्या व्यंकोजींची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ नवहस्ताने संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ रचलं होतं. सरफोजींच्या काळचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मात्र मराठीत, आणि त्यात इंग्रजी मुदपाकखान्यातले पदार्थही. सांबाराला संभाजीवरून नाव पडल्याची ती आख्यायिका इथे मुद्दाम आणत नाही. तिला कागदाचा आधार नाही.

1832 मध्ये सरफोजी गेले, 1855 मध्ये संस्थान खालसा झालं. ग्रंथालय 1918 मध्ये लोकांना खुलं झालं, पण तोवर दरबारी कागद ज्या मोडीत होते ती वाचणारे कावेरीकाठी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. गुरूने झाकलं नव्हतं ते लिपीने झाकलं. पुढे तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद छापले. म्हणजे आपल्या दरबारचा रोजचा हिशोब आपण तमिळमधून वाचायचा!

झाकलेलं पुन्हा उघडताही येतं. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तुलूझच्या एका अनाम कारागिराची सोळाव्या शतकातली वही आहे, नऊशेहून अधिक कृतींची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने ती 2020 मध्ये सगळ्यांसाठी संगणकावर ठेवली. त्याआधी विद्यार्थ्यांनी त्यातले साचे, रंग, ओतकाम हातांनी करून पाहिलं. वाळू कुठली, किती ओली, यावर तो कारागीर पानंच्या पानं खर्च करतो. इकडे कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला मधूच्छिष्टाच्या, म्हणजे मेणाच्या, मूर्तीवर कावेरीच्या गाळाचा पहिला हात चढतो, तेव्हा स्थपती माती चिमटीत चोळून पाहतो, पुरेशी झाली की लावतो. त्याची वही नाही, आणि त्याच्या भट्टीचं दार रस्त्याकडे उघडंच असतं.