दंडघेराची फीत

अहवालात यंत्रसामग्रीची छायाचित्रे छापण्याचा आम्हांस उत्साह असतो. येथे मात्र एका साध्या फितीविषयी लिहीत आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या डाव्या दंडाचा, खांदा व कोपर यांच्या बरोबर मध्यावरील घेर तिने मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास बालक अतितीव्र कुपोषित समजतात, ११.५ ते १२.५ च्या आत असल्यास मध्यम तीव्र कुपोषित. पूर्वी ही मर्यादा ११ होती. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये ती वाढविली. अर्ध्या सेंटिमीटरचाच प्रश्न असल्याने फीत सैल धरली, तरी आजारी बालक निसटते.

माझ्यासारख्या वाणिज्य पदवीधरास वजनकाट्याचा आकडा पुरेसा वाटे. परंतु कुपोषणाने अंगावर सूज आलेले बालक वजनात भरते, गुटगुटीतही दिसते. म्हणून दोन्ही पावले अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहतात. दोहोंवर खळगा राहिल्यास, दंडघेर कितीही असो, बालकास तातडीने उपचार हवेत. फितीतून सुटलेली काही बालके उंचीच्या मानाने वजन पाहिल्यावर सापडतात. फीत वापरणे मातांनाही शिकता येते.